मागल्या बैठकीस गाणे पोहोचविले त्याची हकीकत

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके एकोणीसशे, कालयुक्तनाम संवत्सर, वैशाख मास, मुक्काम कसबे सोलापूर. आडत पेठेतील मातबर असामी राजश्री रेवणसिद्धअप्पा, ज्यांस दुकानी सर्वजण सरकार म्हणतात आणि घरी कोणी विशेष काही म्हणत नाही, यांणी आपल्या जुन्या मोटारीचे गाणारे यंत्र काढून नवे चढविले, आणि नवे कर्णे बसविले, आणि गाणे मोटारीच्या मागल्या बैठकीपावेतो नेऊन भिडविले, त्या मोहिमेची हकीकत दुकानचे दिवाणजी चिंतामणी यांणी लिहिली. पदरचे तिखटमीठ लाविले नाही, आणि जेथे लाविले तेथे बेताने लाविले. मोहिमेत हा बंदा जातीने हजर होता. जेथे हजर नव्हता तेथील वर्तमान ईरप्पा ड्रायव्हरकडून कळले, आणि ईरप्पा पोटात काही ठेवीत नाही.

प्रथम मोटारीचे वर्णन केले पाहिजे. मोटार सन एकोणीसशे एकोणसाठची, अँबॅसिडर, मूळ रंग दुधी, हल्लीचा रंग विचारू नये. तिच्या पुढील पत्र्यात कारखान्यातूनच एक रेडिओ बसून आला होता. त्यास तापावयास वेळ लागे. सोलापुरी वेस सोडताना कळ दाबावी तो कुंभारीस पोहोचल्यावर बोलू लागे, आणि बोलू लागला म्हणजे त्याचा एकुलता एक कर्णा पुढे बसणारांच्या गुडघ्यांस गाणे ऐकवी. पुढील बैठकीवर उजवे हाती ईरप्पा, मध्ये हा बंदा, आणि डावे हाती खिडकीशी खासा सरकार, ऐसी कायमची व्यवस्था होती. मागील बैठकीवर सरकारांचे कुटुंब शरणम्माबाईसाहेब, आणि मुली, आणि फराळाचे डबे, आणि कलिंगडे, आणि वाटेत जे जे मिळेल ते ते. मागे गाणे जात नसे. मागे इंजिनाची घरघर आणि सायलेन्सरचा भोंगा आणि पुढील खिडक्यांतून आलेली धूळ जात असे. या व्यवस्थेस एकोणीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणारे सर्व मागे बसत, आणि मागचे पुढे ऐकू येत नसे.

आता वैराचे मूळ ऐकावे. सरकारांच्या वडील भगिनी शिवबाई अक्कासाहेब, मैंदर्गीस दिलेल्या. सरकार चार वर्षांचे असता मातोश्री निवर्तल्या, तेव्हा अक्कासाहेब अकरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांणीच या लेकरास कडेवर वागविले, आणि भाकरी कुस्करून भरविली, आणि शाळेच्या दारापर्यंत ओढीत नेले. सरकार आज पेठेत शंभर माणसांस दरडावतात, परंतु अक्कासाहेबांचे नाव निघता आवाज खाली येतो. ऐसे असता, तीन वर्षांमागे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेस अक्कासाहेब सोलापुरी आल्या होत्या, आणि सरकार त्यांस मोटारीने मैंदर्गीस पोहोचवावयास निघाले, आणि रेडिओवर धारवाडचे केंद्र लागून कानडी भजन चालले होते, आणि अक्कासाहेब मागील बैठकीवरून पुढे वाकून, कान पुढे करून, जेवढे हाती लागेल तेवढे ऐकत होत्या. इतक्यात सरकारांस क्रिकेटच्या धावत्या वर्णनाची आठवण जाहली, आणि त्यांणी काटा फिरविला, आणि भजन नाहीसे होऊन कोणी गडी बाद जाहल्याचे वर्तमान येऊ लागले. अक्कासाहेब म्हणाल्या, गाणे लाव. तेव्हा सरकार मान न वळविता जे बोलले ते हा बंदा मध्ये बसून ऐकत होता, सबब जसेच्या तसे लिहितो.

“मागं तुला कुटं ऐकू येतंय गं अक्का? मागं बसणाऱ्याला काय गाणं अन् काय मॅच!”

मग वळसंगचा थांबा आला, आणि मागून हुकूम सुटला की मोटार उभी कर. तो हुकूम मात्र ईरप्पास ऐकू गेला. अक्कासाहेब गाठोडे घेऊन उतरल्या, आणि एस.टी.च्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि खिडकीशी येऊन साऱ्या थांब्यासमक्ष प्रतिज्ञा केली.

“रेवण्या, ज्या दिवशी तुजी ही मोटार मागं बसल्याल्या बाईला गाणं ऐकवंल, त्या दिवशी शिवबाई हिच्यात पाय ठेवंल. तवर तुज्या दारात मी यायची न्हाय.”

ऐसियास तीन वर्षे लोटली. तीन दिवाळ्या जाहल्या, आणि सरकारांस ओवाळणारे कोणी नव्हते. सरकारांनी आंब्यांच्या पाट्या धाडल्या, आणि इरकली लुगडी धाडली, आणि एकदा उत्तम दुभती शेळीदेखील धाडली. अक्कासाहेबांनी सर्व ठेवून घेतले आणि स्वतः आल्या नाहीत. त्यांचे यजमान चन्नवीरअप्पा हे कोणत्याच राजकारणात पडत नसत. शेळी तेवढी त्यांस आवडली.

मग या साली सरकारांच्या धाकट्या कन्येचे लग्न ठरले, वैशाख वद्य पंचमी, आणि घराण्याची चाल ऐसी की, हळदीचा पहिला हात आत्याचा, आणि मांडवात नवरीची आरतीही आत्याचीच. आत्या नसता कोणी दुसरीने हात लाविला तर लग्न लागते, परंतु लोक जन्मभर बोलतात. सरकारांस लोकांची भीती होती हे खरे. परंतु हा बंदा एके दिवशी दुकानी लवकर गेला असता सरकार तुरीच्या पोत्यावर एकटेच बसले होते, आणि हाती लग्नाची पहिली पत्रिका होती, आणि डोळे पुसत होते. तेव्हा समजले की भीती लोकांची नव्हे.

मग ती पत्रिका घेऊन हा बंदा वकिलीस मैंदर्गीस रवाना जाहला. अक्कासाहेबांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणि ताक ऐसा उत्तम सत्कार केला, आणि पत्रिका देव्हाऱ्यात ठेविली, आणि नवरीची साडी कोणत्या रंगाची हे दोन वेळा विचारले. मग येण्याविषयी विनंती करिता त्यांणी एकच सवाल केला.

“मोटार गाती का मागं?”

बंदा तो सवाल घेऊन परत आला.

त्याच दिवशी दुकानी मसलत बसली. मसलतीस खासा सरकार, आणि हा बंदा, आणि उभा ईरप्पा, आणि सरकारांचे जिवलग स्नेही तिप्पण्णा कारखानदार, ज्यांचे बारा माग अक्कलकोट रोडवर चादरी विणतात. तिप्पण्णांनी मसलत दिली की, अक्कांच्या मांडीवर एक ट्रान्झिस्टर ठेवावा, काम फत्ते. सरकार संतापले, आणि म्हणाले की प्रतिज्ञा मोटारीविषयी आहे, ट्रान्झिस्टर कोणाच्याही मांडीवर गातो, त्यात मोटारीची अब्रू काय राहिली. मग शरणम्माबाईसाहेब चहा घेऊन आल्या, आणि उंबऱ्याशी थांबून म्हणाल्या, “अवो, मागं कसं हाय सांगू का, तितं—” परंतु मसलत लष्करी असल्यामुळे सर्वजण गप्प राहून त्यांच्या जाण्याची वाट पाहू लागले, आणि त्या रिकामे कप घेऊन परत गेल्या. मग निर्णय जाहला की, जुना रेडिओ काढावा, आणि त्याचे ठायी जपान मुलखीचे कॅसेटचे नवे यंत्र बसवावे, आणि चार कर्णे चढवावे, दोन पुढे, दोन मागे.

नव्या पेठेत मडिवाळप्पा रेडिओवाले म्हणून एक कुशल कारागीर आहेत. त्यांस पाचारण केले. ते मोटारीत डोके घालून बराच वेळ पालथे राहिले, आणि बाहेर निघून म्हणाले, “मालक, जुनं खोकं काडावं लागंल. नव्याचं तोंड मोठं हाय, पत्रा कापावा लागंल.” हे ऐकताच ईरप्पाचा चेहरा उतरला. त्याने एकोणीस वर्षे त्या पत्र्यास दर सोमवारी खोबरेल लाविले होते. पत्रा कापला त्या दिवशी तो जेवला नाही, आणि कापलेला तुकडा घरी घेऊन गेला.

मडिवाळप्पा जातीने मुंबईस जाऊन यंत्र घेऊन आले. यंत्र काय वर्णावे! तोंडात कॅसेट घालावी तो गिळून गाऊ लागे, आणि दुसरी कळ दाबावी तो बाहेर थुंकी. त्यात घालावयास कॅसेटही मडिवाळप्पांनीच भरली. धारवाडच्या केंद्रावर लागणारी कानडी भजने रेडिओसमोर दुकानचा टेपरेकॉर्डर ठेवून उतरविली, त्यात मध्ये एके ठिकाणी निवेदक खोकतो आणि एके ठिकाणी मडिवाळप्पांच्या दुकानी गिऱ्हाईक येऊन सेल मागते. सरकारांनी ऐकून पसंती दिली.

परंतु मडिवाळप्पांनी एक धोका बजावून सांगितला. जुन्या मोटारीत बॅटरीचे अधिक टोक पत्र्यास बांधलेले होते, आणि नव्या यंत्रास उणे टोक पत्र्यास हवे. तारांची उलटापालट केल्याखेरीज कळेस हात लावू नये, ऐसे तीन वेळा सांगून ते तार आणावयास दुकानी गेले. येथे मुहूर्ताने घात केला. यंत्र प्रथम चालविण्यास मठातून मुहूर्त आणला होता, अकरा वाजून वीस मिनिटे, आणि मडिवाळप्पा सव्वा अकरास गेले होते. अकरा वाजून अठरा मिनिटे जाहली, आणि मडिवाळप्पा दिसेनात. सरकार घड्याळ पाहू लागले, आणि घाम पुसू लागले, आणि म्हणाले की तारेवाचून कार्य अडेल, पण मुहूर्तावाचून नासेल. मग मोटारीस हार घातला, आणि नारळ फोडला, आणि ठीक अकरा वीसला सरकारांनी कळ दाबली.

यंत्राने गाणे म्हटले नाही. चट्ट ऐसा आवाज करून पत्र्यामागून निळा धूर सोडिला. सरकारांनी डावे दार उघडून त्वरित माघार घेतली, आणि आडतीच्या ओट्यावर चढून उभे राहिले. ईरप्पा उजवीकडे चाकास धरून दगडासारखा बसला, आणि हा बंदा मध्ये असल्यामुळे त्यास कोणतीच दिशा मोकळी नव्हती, सबब त्याने शिवनाम घेतले. मग मडिवाळप्पा धावत आले, आणि जे बोलले ते मालकांस उद्देशून नव्हते ऐसे मागाहून ठरले. यंत्राचा प्राण वाचला होता. फ्यूज म्हणून एक बारीक तार असते, ती जळून गेली आणि यंत्र राहिले. नोकरांत ऐसा एखादाच निपजतो.

मग मडिवाळप्पांनी सर्वांस मोटारीपासून दहा हात दूर उभे करून तारांची उलटापालट केली, आणि डायनामोस नवी रीत शिकविली. पुढील दोन कर्णे पत्र्याखाली बसविले. मागील बैठकीमागे काचेखाली जी फळी असते, तीत दोन भोके पाडून ताटलीएवढे दोन कर्णे आकाशाकडे तोंड करून बसविले, आणि त्यांवर झिरझिरीत जाळीचे कापड ताणले. सर्व कर्णे वाजवून पाहिले, आणि चारही उत्तम बोलले, आणि मडिवाळप्पा निरोप घेऊन गेले. जाताना म्हणाले, “मालक, निगायच्या आधी कुनीतरी मागं बसून बगा की येकदा.”

आता जी चूक जाहली ती सोलापुरातच होऊ शकते. तिप्पण्णा कारखानदार तो पराक्रम पाहावयास आले, आणि मागील फळी पाहून हळहळले. म्हणाले की, एवढी मोठी वस्तू, आणि वर मच्छरदाणीचा तुकडा? सोलापूरची मोटार सोलापूरबाहेर चालली, आणि अंगावर चादर नाही, तर मैंदर्गीकर काय म्हणतील? ते सरकारांच्या मनास झोंबले. मग तिप्पण्णांनी लग्नासाठी मुद्दाम विणविलेली चादर आणविली, उत्तम जाड, दुहेरी विणीची, मध्ये दोन मोर आणि भोवती वेल, पन्नास वर्षे धुतली तरी रंग सोडणार नाही ऐसी. सरकारांचा हुकूम जाहला, आणि ईरप्पाने ती चादर दुघडी करून फळीवर अंथरली, आणि कडेने बारीक खिळे ठोकून पक्की केली. एक मोर एका कर्ण्यावर बसला, दुसरा दुसऱ्यावर. पाहणारे धन्य म्हणाले. चादरीविषयी शंका घेईल ऐसा मनुष्य त्या पेठेत जन्मास यावयाचा होता.

मग सिद्धेश्वर तलावास फेरी मारून परीक्षा केली. परीक्षेस ईरप्पा, हा बंदा, सरकार, आणि दाटीवाटीने सरकारांच्या अंगावर तिप्पण्णा, ऐसे चौघे पुढील बैठकीवर होते. गाणे ऐसे लागले की रस्त्यावरील म्हशी बुजल्या. तेव्हा हा बंदा म्हणाला की, मडिवाळप्पांनी मागे बसून पाहावयास सांगितले होते. सर्वांनी मागे वळून रिकाम्या बैठकीकडे पाहिले, आणि परस्परांकडे पाहिले, आणि सरकार म्हणाले, “पुडं एवढं येतंय म्हणल्यावर मागं येनारच की.” त्या युक्तिवादात हा बंदाही काही खोट काढू शकला नाही. पेढे वाटले.

दुसरे दिवशी सूर्योदयास कूच जाहले. मागील बैठकीवर शरणम्माबाईसाहेब एकट्या, बाकी शेंगापोळ्यांचे डबे, आणि आहेराची टोपली. सरकार वळसंगपर्यंत गाण्यावर मान डोलवीत होते, आणि वळसंगचा थांबा आला तेव्हा मात्र त्यांणी दुसरीकडे पाहिले. अक्कलकोटी नारळ फोडला. मैंदर्गीची वेस लागली तेव्हा सरकारांच्या हुकुमाने आवाज पूर्ण चढविला, आणि ऐसे गर्जत अक्कासाहेबांच्या दारी जाऊन पोहोचलो. गाव जमा जाहला. चन्नवीरअप्पा शेळी घेऊन मागल्या दाराने रानात गेले.

अक्कासाहेब उंबऱ्यावर आल्या. तीन वर्षांत केस पिकले होते. सरकार पाया पडावयास वाकले, तो त्यांणी हात वर करून थांबविले, आणि म्हणाल्या की आधी परीक्षा. मग चालल्या त्या सरळ मोटारीकडे, आणि पदर खोचून मागे शरणम्माबाईसाहेबांच्या शेजारी बसल्या, परंतु पाय बाहेर ठेविले, कारण प्रतिज्ञा पायाची होती. हुकूम केला की इंजिन चालू कर, खिडक्या उघड, रस्त्यावर जैसे असते तैसे. ईरप्पाने तैसे केले, आणि सरकारांनी स्वहस्ते कॅसेट घातली. पुढे गाणे दणाणू लागले. सरकार दाराशी उभे राहून अक्कासाहेबांच्या मुखाकडे पाहत होते, लहान पोर निकाल पाहते तैसे.

अक्कासाहेब डोळे मिटून बसल्या. एक भजन संपले, दुसरे लागले, निवेदक खोकला. मग त्या उठून बाहेर आल्या.

“काय ऐकू येत न्हाय.”

सरकारांचा रंग उडाला. म्हणाले, “अक्का, असं कसं? सारं गाव ऐकायलंय की!”

“गाव पुडं हाय. मी मागं हाय.”

मग सरकार ईरप्पावर ओरडले, आणि ईरप्पाने मडिवाळप्पांवर ढकलले, आणि मडिवाळप्पा सोलापुरात असल्यामुळे गप्प राहिले. आवाज आणखी चढविला, तो पुढील कर्णे फाटक्या पत्र्यासारखे वाजू लागले, आणि मागे काही फरक नाही. त्या गोंधळात अक्कासाहेब एकट्या शांत होत्या. त्यांणी मोटारीत वाकून शरणम्माबाईसाहेबांस विचारिले, “वैनी, तुला येतंय का गं?”

बाईसाहेब डबे सावरीत म्हणाल्या, “एकोणीस वर्सं झाली अक्का. मागं कदी काय आलंय?”

“अन् आत्ता येताना?”

“आत्ता पन न्हाय.”

सरकार कळवळून म्हणाले, “अगं, मग सांगायचं न्हाईस का?”

बाईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले. रागाने नव्हे, एखादी जुनी वस्तू कोठे ठेवली ते कोणास सांगावे तैसे म्हणाल्या, “मला कुनी इचारलं?”

यावर जमलेल्या गावातील पुरुष मंडळी आकाशाकडे पाहू लागली. हा बंदाही पाहू लागला. मसलतीचा चहा प्याला होता, तो आठवला.

मग अक्कासाहेबांनी निर्वाणीचा हुकूम सोडिला की, “तम्मा, तू बस मागं. बाहेरच्या मारुतीपत्तर जाऊन ये, मग माज्याशी बोल.” तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, आणि ते नाव तीन वर्षांत प्रथम निघाले होते, आणि ते ऐकून सरकारांस नाही म्हणवेना. पुढील दाराकडे त्यांचा पाय सवयीने वळला, तो त्यांणी ओढून मागे आणला. मागील दार कोणत्या बाजूस लोटावे हे त्यांस ठाऊक नव्हते. बाईसाहेबांनी आतून उघडून दिले. सरकार टोपली मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले, आणि ईरप्पा आणि हा बंदा पुढे, आणि मोटार मारुतीकडे निघाली.

आता एक गोष्ट लिहिण्यास लाज वाटते, तथापि बखर खरी पाहिजे. वाटेत सरकारांनी मागून आम्हांस काही आज्ञा केली. ती आम्हांस ऐकू आली नाही. दुसरे वेळेस थोडकी ऐकू आली, परंतु भजन ऐन रंगात होते, आणि पुढील बैठक प्रथमच ऐसपैस मिळाली होती, सबब आम्ही मान वळविली नाही. तिसरे वेळेस त्यांणी माझ्या खांद्यावर बोटाने टोचले. मागे पाहतो तो सरकारांच्या पांढऱ्या टोपीवर लाल धूळ, आणि कानावर हात, आणि मुखावर ऐसा भाव की मी पंचवीस वर्षांच्या चाकरीत पाहिला नव्हता.

“थांबवा,” म्हणाले. “माजी आई असती तर तीबी हितंच बसली असती.”

परत आलो. सरकार मागील दाराने उतरले, आणि टोपली खाली ठेविली, आणि साऱ्या गावासमक्ष अक्कासाहेबांपुढे उभे राहिले. बोलावयाचे पुष्कळ ठरवून आले होते. यंत्र जपानचे, कर्णे चार, चादर खास विणविलेली, हे सर्व पाठ होते. त्यांतले काही निघाले नाही.

“अक्का, चुकलं माजं.”

अक्कासाहेब म्हणाल्या, “एवडंच हवं हुतं रे. त्याला येवडी बाजारपेठ कशाला आनलीस?” आणि पदराने भावाच्या तोंडावरची धूळ पुसली, आणि पुसता पुसता दोघेही रडू लागले, आणि पाहणाऱ्या बायका रडू लागल्या, आणि ईरप्पा मोटारीचे बॉनेट पुसावयास लागला.

परंतु शरणम्माबाईसाहेब रडत बसल्या नाहीत. त्या अजून मोटारीत मागेच बसल्या होत्या, आणि गाणे चालूच होते, आणि त्यांचा एक हात फळीवरील चादरीवर होता. त्या म्हणाल्या, “अक्का, ह्याच्या खाली कायतरी थरथरतंय बगा.” अक्कासाहेबांनी हात लावून पाहिला, आणि कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढिला, आणि एकेक खिळा सुपारीसारखा उचकटून काढिला. एकूण सोळा खिळे निघाले. चादर ओढून काढिली, आणि दोन मोर उडाले, आणि त्यांच्याखाली दोन दिवस कोंडलेले गाणे ऐसे उसळून बाहेर आले की, मागील काच झणझणली, आणि अक्कासाहेबांनी दोन्ही कान झाकले, आणि हसू लागल्या. मग उजवा पाय उचलून मोटारीत ठेविला. प्रतिज्ञा पूर्ण जाहली. तारीख व वेळ लिहून ठेवावी ऐसे बंद्यास वाटले, परंतु घड्याळ पाहावयाचे राहून गेले.

परतीची व्यवस्था अक्कासाहेबांनी लाविली. पुढे ईरप्पा, आणि मध्ये अक्कासाहेब, आणि खिडकीशी शरणम्माबाईसाहेब. मागे सरकार, आणि हा बंदा, आणि डबे, आणि टोपली, आणि वैशाखाच्या उन्हात आम्हां दोघांच्या मांडीवर तिप्पण्णांची दुहेरी विणीची चादर, कारण ती ठेवावयास दुसरी जागा नव्हती. शरणम्माबाईसाहेबांनी खिडकीची काच खाली केली, आणि वारा तोंडावर घेतला, आणि अक्कलकोट येईपर्यंत नुसत्या बाहेर पाहत राहिल्या. हा रस्ता त्यांणी समोरून कधी पाहिला नव्हता.

वळसंगच्या अलीकडे अक्कासाहेब मागे वळल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, “ऐकू येतंय का रे तम्मा?”

कर्णे सरकारांच्या कानाशीच होते, आणि कान बधिर जाहले होते. सरकार म्हणाले, “येतंय अक्का. लई येतंय.” आणि आवाज कमी करा ऐसे म्हणावयाचे होते, ते म्हणाले नाहीत.

याप्रमाणे वैशाख वद्य तृतीयेस स्वारी सोलापुरी दाखल जाहली. हळदीचा पहिला हात आत्याचा लागला, आणि मांडवात आरती आत्यानेच केली, आणि लग्न यथासांग पार पडले. तिप्पण्णांस चादरीविषयी काही कळविले नाही. लग्नानंतर सरकारांनी बंद्यास बोलावून फर्माविले की, मोहिमेची बखर लिहावी, आणि शेवटी फत्ते कोणाची ते स्पष्ट नमूद करावे. बंद्याने रिवाजाप्रमाणे सरकारांचे नाव घातले. सरकारांनी ते खोडले आणि अक्कासाहेबांचे घालावयास सांगितले. अक्कासाहेब मैंदर्गीस परत निघण्याच्या गडबडीत होत्या. त्या म्हणाल्या की माझे नको, वैनीला इचारा काय लिवायचं ते.

मग हा बंदा कागद आणि दौत घेऊन प्रथमच स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. शरणम्माबाईसाहेब भाकरी थापीत होत्या. बंद्याने अदबीने विचारिले की, बाईसाहेब, फत्ते कोणाची, काय लिहावे? त्या थांबल्या. पिठाचे हात तसेच परातीवर धरून बराच वेळ विचार केला. बंदा उभा राहिला, घाई केली नाही.

मग म्हणाल्या, “मला इचारलं, येवडं लिवा.”

त्याप्रमाणे लिहिले असे.